लॅम्ब्डा चौदाशे पाच, मार्गे अकोला

एप्रिलच्या मध्यात अकोल्याला कोण जातं? ज्याला नाही म्हणता येत नाही तो. एका पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेचे मूळ परीक्षक ऐनवेळी आजारी पडले (उन्हाला घाबरले, दुसरं काही नाही), म्हणून अमरावतीच्या विद्यापीठातून मला फोन आला. विषय होता स्ट्रेंज बॅरिऑनांचे रेझोनन्स. मी तोच विषय करते, आणि त्यावर माझ्याशी बोलणारं माणूस पुण्यात शोधायचं तर मला आरशासमोर उभं राहावं लागतं. त्यामुळे हुरळून हो म्हणून बसले. नवरा म्हणाला, "टोपी घे, आणि कुणाशी भांडू नकोस." टोपी घेतली.

ज्यांचा फिजिक्सशी संबंध दहावीला सुटला, त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोटॉनसारखे जे कण तीन क्वार्कांचे बनतात ते बॅरिऑन. त्यात एखादा 'स्ट्रेंज' जातीचा क्वार्क असला की तो स्ट्रेंज बॅरिऑन. रेझोनन्स म्हणजे जन्मल्या जन्मल्या मरणारा कण, ज्याच्या मागे वस्तुमानाचा एक आकडा उरतो. तो आकडा आम्ही लोक कागदावर गणित मांडून काढायला बघतो. प्रयोगशाळेचं तोंडही आम्ही पाहत नाही, पगार मात्र एक तारखेला घेतो.

पुण्याहून रात्रीची गाडी घ्या, आणि एसीचंच तिकीट काढा. एप्रिलमध्ये स्लीपरची हौस करू नका. सकाळी शेगावला कचोरी चढते ती सोडू नका. वीसेक रुपयांत पोट भरतं आणि हात दिवसभर तेलकट राहतात. त्याच तेलकट हातांनी मी प्रबंध उघडला आणि लॅम्ब्डा नावाच्या स्ट्रेंज बॅरिऑनांच्या तक्त्यावर थबकले. गणिताचे आकडे आणि प्रयोगाचे आकडे असे काही जुळले होते की मला संशयच आला. मग दिसलं. लॅम्ब्डा चौदाशे पाच तक्त्यात नव्हताच! या कुटुंबातला हा सगळ्यात प्रसिद्ध कण, नावातला आकडा म्हणजे त्याचं वस्तुमान. तीन क्वार्कांचं गणित त्याचं वस्तुमान नेहमी बरंच जास्त सांगतं, आणि म्हणून तो मुळात तीन क्वार्कांचा नसावाच, दोन कण एकमेकांना चिकटून झालेला काहीतरी निराळाच जीव असावा, असं कित्येकांना वाटतं. लग्नाच्या पंगतीतून नवरदेवच गायब, असा तो तक्ता होता.

अकोल्याला स्टेशनवर विद्यार्थिनीचे मार्गदर्शक सर हार घेऊन हजर. ऊन असं की हारातली फुलं माझ्याआधी कोमेजली. मुक्काम त्यांच्याच घरी, जठारपेठेत. कूलर विमानासारखा आवाज करत होता आणि जेवण, बाई गं! पाटोड्यांचा झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकर, ठेचा. वहिनी वाढायच्या थांबेनात.

"मॅडम, उद्याचं टेन्शन घेऊ नका," सर म्हणाले. "सगळं सेट आहे."

"टेन्शन मी घ्यायचं असतं का? मला वाटलं विद्यार्थिनीनं घ्यायचं."

सर मनमुराद हसले. मला विनोद करायचा नव्हता. मग त्यांनी विद्यार्थिनीची, म्हणजे वैशालीची, माहिती दिली. बार्शीटाकळीला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की उपवास. वडिलांचा फुलांचा मळा. सोमवारी एका कॉलेजात कायम जागेची मुलाखत आहे. पदवीचं पत्र हातात असलं तर जागा तिचीच, नसलं तर अर्जच बाद.

"आणि चौदाशे पाच?" मी विचारलं.

"ते बसत नव्हतं ना मॅडम. काढून टाकलं. तक्ता पाहा कसा स्वच्छ दिसतो!"

घर आवरल्यासारखं सांगितलं त्यांनी. माझा घास घशात अडकला, पण तो ठेच्यामुळे असावा असं वहिनींना वाटलं आणि त्यांनी ताक आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या गाडीनं अमरावती. मूर्तिजापूर, बडनेरा, दोन तासांत पोचतो. रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की झोप लागावी, पण सर आपले शोधनिबंध एकेक करून ऐकवत होते, त्यामुळे तीही सोय नाही. मूर्तिजापूरजवळ चहाला थांबा, चहा गोड मिट्ट असतो आणि उन्हात तोच बरा वाटतो.

विभागाच्या दारात भलामोठा फ्लेक्स. 'डॉ. वैशाली यांचे हार्दिक अभिनंदन!' परीक्षा अजून व्हायची होती, डॉक्टर आधीच झाली होती. आत पेढ्यांचे खोके रचलेले. वैशालीचे वडील पांढरंशुभ्र धोतर नेसून झेंडूच्या हारांची टोपली सांभाळत बसलेले. मग दीप प्रज्वलन, स्वागतगीत, शाल, हार, पुन्हा हार. विभागप्रमुखांनी विज्ञानाचं महत्त्व सांगितलं, ते बराच वेळ सांगितलं. माझ्या गळ्यात इतका झेंडू झाला की समोरचा पडदा दिसेना.

वैशाली बोलायला उभी राहिली तेव्हा बरं वाटलं. सावळी, तिशीची, आवाज खणखणीत. काम नेटकं. मग विभागप्रमुख मला म्हणाले, एखादा प्रश्न विचारा. एखादा! तोंडी लावायला लोणचं मागावं तसा.

मी विचारलं, "चौदाशे पाच कुठं आहे?"

सर चटकन म्हणाले, "मॅडम, तो या कामाच्या कक्षेबाहेर..."

"मी वैशालीला विचारलं."

तिनं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. "मॅडम, ते बसत नाही. आकडा लयच वर जाते. मी सगळं करून पाह्यलं. मले वाटते ते तीन क्वार्कचं नाहीच. प्रोटॉन आन अँटी-केऑन चिकटून बनलं आहे ते. मी त्याच्यावर प्रकरण लिवलं होतं, सरायनं काढाले सांगतलं."

"वैशाली!" सरांचं प्रमाण मराठी गळून पडलं. "तुले समजून राहिलं का तू काय बोलून राहिली?"

"हाव सर. मले आजच समजून राहिलं असं नाही."

आता पंचाईत माझी होती. मी दुरुस्ती लिहिली तर सुधारित प्रबंध, पुन्हा समिती, पुन्हा सह्या, म्हणजे दोन-तीन महिने. सोमवार गेला. मी समितीला म्हणाले, आज मंजूर करू, हे पुढे एखाद्या शोधनिबंधात घालता येईल. पुण्याचा समंजसपणा असाच असतो. सर एकदम खूष.

"नाही मॅडम," वैशाली म्हणाली. "दुरुस्ती लिवा. पदवी भेटली की हे असंच छापून जाईन. मंग पुढचं पोरगं माहाच तक्ता पाहून म्हणीन, सगळं बसते."

"पण सोमवारची मुलाखत?"

"माहीत आहे मले सोमवार कधी आहे."

मी लिहिली दुरुस्ती. सही करताना सरांचा मला इतका राग आला की पेन कागदातून आरपार गेलं. बाहेर वैशालीच्या वडिलांनी गाठलं. "मॅडम, पोरगी पास झाली का नापास?"

"पास होणार काका. पण आज नाही."

"मंग पेढे वाटाचे का नाही?"

"वाटा बाबा," वैशाली म्हणाली, "उन्हात खराब होतीन."

पेढे वाटले गेले. विभागप्रमुखांनी दोन घेतले. फ्लेक्स खाली उतरवायचं कुणालाच सुचलं नाही. संध्याकाळी वैशालीनं मला गिला वडा खाऊ घातला, दह्यात भिजलेला, वर तिखट. अमरावतीला गेलात तर खाच. सर त्यांच्या गाडीनं एकटेच परतले, मला पुण्याच्या गाडीसाठी बडनेऱ्याला वैशालीच्या वडिलांनी सोडलं.

पुण्यात आल्यावर सगळे विचारत होते, काय पाहिलं? किल्ला नाही, अभयारण्य नाही, एक रिकामी जागा पाहिली तक्त्यातली. ती आता भरली आहे. सुधारित प्रबंध आला, नवं प्रकरण सगळ्यात चांगलं आहे, वैशालीला पदवी मिळाली. सोमवारची जागा दुसऱ्याला गेली. त्या विद्यापीठातून मला पुन्हा फोन आलेला नाही आणि येईल असं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात मीच वैशालीला फोन केला. जागेचं बोलता बोलता माझाच आवाज भरून आला.

"मॅडम, जागा माही गेली. तुमी काहून रडून राहिल्या?"

मग तिनं बातमी दिली. सर एका मोठ्या परिषदेला निघालेत. विषय, लॅम्ब्डा चौदाशे पाच. 'आमच्या गटाचं नवं काम.' तिचं नाव शेवटी, आभारात. मी इथे खुर्चीतच उडाले. तक्रार कर, मी पत्र देते, वाट्टेल तिथे सही करते, असं बरंच काही बोलले.

"पत्र द्या, मी तक्रार करतोच," ती शांतपणे म्हणाली. "पण आधी त्यायले जाऊ द्या. तिथं कोणी ना कोणी प्रश्न विचारीनच ना? मंग त्यायले मलेच फोन करा लागीन."

"आणि?"

"आन काय? फोन बंद. मी तासावर राहीन."