नाल्याकाठचा मोतिया

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात आम्ही दोघं तासन्‌तास बोलत बसायचो, तेव्हाही हे तेवढं राहिलं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही उस्मानभाईंना कधी पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. नाशकात भद्रकालीत एक अत्तर-तेलांची पेढी होती, तिथे मी पारखी होतो. पारखी म्हणजे काय, तर हुंगणारा! लोक हसायचे, पण माझ्या नाकावर शेठ डोळे मिटून माल घ्यायचे. मलाही त्याचा गर्व होता — का लपवू? हुंगायच्या दिवशी मी कांदा खायचो नाही, पान खायचो नाही. सकाळपासून असा मिजाशीत वावरायचो की घरातली मांजरसुद्धा वाट सोडायची.

आमचा मुख्य माल रोशाचं तेल. रोशा म्हणजे डोंगरउतारावर माणसाच्या उंचीचं वाढणारं गवत. पाऊस सरला की त्याचे तुरे तांबूस होतात. मग ते कापायचं, पाण्याजवळ भट्टी लावून तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळायचं, आणि वाफ थंड झाली की वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. पण हे गवत मोठं लबाड आहे. त्याच्यात दोन जाती, मोतिया आणि सोफिया. शेजारी शेजारी उभ्या केल्या तरी डोळ्यांना फरक कळत नाही. तेच पान, तोच तुरा. तेल निघालं की मात्र मोतियाला गुलाबाचा वास येतो, आणि सोफियाला सुंठीसारखा उग्र. असं का होतं? गवतालाच ठाऊक. आम्ही आपले एक ठोकताळा धरून चालायचो — उघड्या, तापलेल्या उतारावर मोतिया, नाल्याच्या ओलसर सावलीत सोफिया. मोतिया गुलाबाच्या अत्तरात जायचा. त्यात सोफिया मिसळणाऱ्याला आमच्या बाजारात कुणी दारात उभं करत नसे.

उस्मानभाई कळवणच्या डोंगरात भट्टी लावायचे. वडिलांपासूनचा धंदा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि बोलता बोलता समोरच्याच्या हातावर टाळी देण्याची सवय. मी पेढीवर नवखा होतो तेव्हा रोशा हुंगायला त्यांनीच मला शिकवलं. तेल हाताच्या पाठीवर चोळायचं, लगेच नाक लावायचं नाही, त्याला जरा वाळू द्यायचं. पहिला वास फसवतो, म्हणायचे. पुढे शेठसमोर माझं कौतुक करायचे — 'आपल्याहून तेज नाक हाय याचं.' शिकवणारा असं चारचौघांत किती वेळा म्हणतो?

आता सांगायलाच हवं. अजून किती घोळ घालू?

एका पावसाळ्यात मला ताप आला. पंधरवडाभर अंथरुणाला खिळलो होतो. उठलो तेव्हा सगळं ठीक होतं, फक्त जेवण मातीसारखं लागत होतं. अशक्तपणा असेल, म्हटलं. मग एकदा चुलीवर दूध करपलं, घरभर करपट वास सुटला, बायको विहिरीवरून धावत आली — आणि मी चुलीशेजारी पाटावर शांत बसलेलो. डोळा लागला होता, असं तिला सांगितलं. तो पहिला खोटेपणा. मला वास येत नव्हता. कापूर नाही, केवडा नाही, काहीच नाही.

पारख्याला वास येत नसेल तर तो कोण? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. भीती वाटली, एवढंच. मी पेढीवर जात राहिलो. कांदा सोडला, पान सोडलं, सगळे सोपस्कार पूर्वीपेक्षा जोरात. माल कुठला, कुणी काढला, तेलाचा रंग कसा, शेठच्या कपाळाला आठी पडते की नाही, यावरून अंदाज बांधायचो. अंदाज बरोबर यायचे. दिवाळी जवळ आली तोवर मला वाटायला लागलं होतं, असंच निभावेल.

तेवढ्यात उस्मानभाई आले. उत्साहात होते. उताराचं गवत त्या साली गुरांनी खाऊन टाकलं होतं, म्हणून त्यांनी खाली नाल्याकाठचं कापलं होतं. "वामनराव, हुंगून तर बघा," म्हणाले. "नाल्याचं हाय, पन मोतिया हाय. लय गोड!"

शेठ समोर बसले होते. मी तेल हातावर चोळलं. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे वाळू दिलं. मग नाक लावलं, डोळे मिटले. पलीकडे काही नव्हतं, नुसती हवा. नाल्याकाठचं — एवढंच डोक्यात घोळत होतं. मोतिया म्हणालो आणि निघाला सोफिया, तर माझं बिंग फुटणार. ठोकताळा तर सोफियाच म्हणतो. आणि मी म्हणालो, "शेठ, यात सोफिया आहे. मिसळलेला आहे."

नुसतं सोफिया आहे म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. 'मिसळलेला' कशाला म्हणालो? पारखी वाटावं म्हणून. दुसरं कारण नाही.

शेठना त्या दिवशी पडसं झालं होतं, त्यांनी रुमाल नाकाला लावूनच माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. उस्मानभाई हसले. त्यांना थट्टा वाटली. मग माझं तोंड पाहून त्यांचं हसू गेलं. "परत हुंगा," एवढंच म्हणाले. मी परत हुंगलं. परत तेच सांगितलं.

संध्याकाळपर्यंत भद्रकालीभर झालं. दुसऱ्या पेढ्यांनीही उस्मानभाईंचा माल हुंगायच्या आधीच परत केला. वामनराव नाही म्हणाले ना, मग कशाला हुंगायचं!

नमुन्याची कुपी चुकून माझ्या कोटाच्या खिशात राहिली होती, आणि थोडी सांडलीही होती. घरी बायकोनं कोट खुंटीला लावताना विचारलं, "आज गुलाबाचं काय आणलंत? किती छान वास येतोय!" मी म्हटलं, नीट बघ, सुंठीसारखा आहे का? ती म्हणाली, "सुंठ कशी येईल? गुलाबच आहे." दुसऱ्या दिवशीही म्हणाली, कोट अजून घमघमतोय. वाळल्यावरही गुलाब. म्हणजे अस्सल मोतिया. नाल्याच्या सावलीत उगवूनही मोतिया. गवतानं आमचा ठोकताळा जुमानला नव्हता, आणि उस्मानभाई अक्षर न्‌ अक्षर खरं बोलले होते.

इथवरची चूक होती, असं तुम्ही म्हणाल. इथून पुढचं चुकून झालेलं नाही. उस्मानभाई अजून नाशकातच होते, ओळखीच्यांकडे उतरले होते. चालत गेलो असतो तर पानाला चुना लावायला वेळ लागतो तेवढ्यात पोचलो असतो. गेलो नाही. शेठना सांगायचं तर काय सांगायचं? की माझं नाक मेलंय? मी कोट घातला आणि पेढीवर जाऊन बसलो.

दुपारी तेच आले. ओट्यावर माझ्या शेजारी बसले. मला वाटलं, आता शिव्या देतील. मनातून मी त्याचीच वाट पाहत होतो. पण त्यांनी माझा हात हातात घेतला. टाळी दिली नाही, नुसता धरून ठेवला.

"वामनराव, रातभर इचार केला," ते म्हणाले. "तुमचं नाक खोटं बोलायचं नाय. माझंच गेलं आसंल. माझ्या अब्बांचंबी असंच गेलं व्हतं, त्यांना कळलं नव्हतं. मला गुलाब येतो नि हाय सोफिया... मंग कशाला भट्टी लावायची? लोकांना फसवल्यासारकंच हाय."

मालेगावला मेहुण्याचे हातमाग आहेत, तिकडे जातो, म्हणाले. तांब्याचं भांडं मोडीत काढणार होते. आणि मग त्यांनी मला विचारलं — अगदी लहान मुलासारखं विचारलं — "असं व्हतं ना, वामनराव? वयानं जातं ना नाक?"

मी म्हणालो, "जातं, उस्मानभाई. वयानं जातं."

त्यांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आपण लबाड नाही, फक्त म्हातारे झालो, एवढा आधार घेऊन ते ओट्यावरून उतरले आणि दहीपुलाच्या दिशेनं चालू लागले. पुन्हा त्यांनी भट्टी लावली नाही. काही वर्षांनी मालेगावहून आलेल्या एका माणसानं सांगितलं, की ते गेले. जाईपर्यंत कुणी अत्तर पुढे केलं तर हात जोडायचे, म्हणे. मला आता कळत नाही, म्हणायचे.

त्यांना कळत होतं. त्यांचं नाक शेवटपर्यंत शाबूत होतं. गेलं होतं ते माझं. माझा हात त्यांच्या हातात होता, तेव्हा मला हे माहीत होतं.