चर्च लेनवरचे तपासनीस

काकांचा कशावरच विश्वास नव्हता. दुधाच्या कॅनवरची तारीख वाचून झाली तरी ते झाकण उघडून वास घ्यायचे. टीव्हीवर उद्या पाऊस सांगितला, की खिडकीशी जाऊन आभाळ बघायचे आणि म्हणायचे, "बघू." २००२च्या मे महिन्यात ते साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले. मुलगा मिलिंद माझा समोरचा शेजारी. आम्ही काकांच्या माघारी त्यांना तपासनीस म्हणायचो.

ओहायोत डब्लिन नावाचं गाव, आणि त्यात इंग्रजी खेड्याच्या थाटात बांधलेली आमची वसाहत. काकांना संशय यायला एवढं पुरे होतं. "चर्च लेनवर चर्च नाही, मिल लेनवर गिरणी नाही. नावं कुठून तरी ढापलीत, नागपूरकर," ते मला म्हणाले. आठवड्याभरात त्यांनी चोरी पकडली. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवताना एका कवीवरचा धडा ते दरवर्षी घ्यायचे. त्या धड्याच्या शेवटी कवीच्या खेड्याचा नकाशा होता, तो त्यांना तोंडपाठ. इंग्लंडला ते कधीच गेले नव्हते. बिल्डरने सगळ्या रस्त्यांची नावं त्याच खेड्यातून उचलली होती.

"उचलली तर उचलली, काका."

"उचलली त्याचं काही नाही. क्रम चुकवलाय."

मग रोज सकाळी काका वही घेऊन निघायचे आणि छापील खेडं आमच्या रस्त्यांवर ताडून बघायचे. लिहायचे पेन्सिलनेच. शाईने लिहिण्याइतका विश्वास माणसाने स्वतःवरही ठेवू नये, असं त्यांचं मत. कवीची विहीर हवी तिथे ट्रॅम्पोलिन निघालं, प्रश्नचिन्ह. शाळा हवी तिथे तीन गाड्यांचं गराज, दोन प्रश्नचिन्हं. सगळ्या नकाशात फक्त माझ्या घराला प्रश्नचिन्ह नव्हतं. "इथे कवीचा मित्र राहायचा. हे जमतंय," असं म्हणून त्यांनी माझ्या चौकोनात 'मित्र' लिहिलं. मला उगाचच भारी वाटलं. त्यानंतर त्यांचा सकाळचा चहा माझ्याकडेच होऊ लागला.

न्यूयॉर्कचे टॉवर पडून अजून वर्षही झालं नव्हतं. सावळा म्हातारा, उन्हाळ्यातही कानटोपी, एकेका घरासमोर थांबून वहीत काहीतरी काढतो. कुणीतरी फोन केलाच. त्या शनिवारी मी लॉनला पाणी घालत होतो आणि पोलिसांची गाडी माझ्याच दारात थांबली. काका वही छातीशी धरून सांगत होते, "सर, आय ॲम ओन्ली करेक्टिंग."

ऑफिसर सभ्य होता. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "डू यू नो धिस जेंटलमन?"

माझ्या ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा अडकलेले होते. मनात फक्त तेवढंच आलं.

"आय हॅव सीन हिम अराउंड," मी म्हणालो.

अर्ध्या तासापूर्वी त्यांनी माझ्या टेबलावर चहा घेतला होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

मिलिंद धावत आला आणि प्रकरण पाच मिनिटांत मिटलं. पण तो म्हणाला, "बाबा, प्लीज, आता वॉक फक्त बॅकयार्डमध्ये." तेव्हापासून काका कुंपणाच्या आत फेऱ्या मारू लागले. माफी मागायला मी चारदा रस्ता ओलांडला आणि चारही वेळा क्रिकेटवर बोलून परत आलो. मला माझी लाज वाटत होती, आणि ती सांगायचीही लाज वाटत होती.

परत जायच्या दिवशी ते आपणहून आले. वहीतून नकाशाचं पान फाडून माझ्या हातात दिलं. "हा तुमच्याकडे असू द्या. माझ्या सामानात दिसला तर विमानतळावरचे लोक आणखी तपासत बसतील."

"चहा टाकू, काका?"

"टाका की." चहा होईपर्यंत ते दूध हुंगून बघत होते.

ते गेल्यावर मी पान खिडकीशी नेऊन पाहिलं. माझ्या चौकोनात 'मित्र' तसंच होतं. त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढून खोडलेलं होतं. काका पेन्सिल दाबून लिहायचे. अजूनही त्यावरून बोट फिरवलं की ते प्रश्नचिन्ह हाताला लागतं.