मी मेनूकार्डात पाहत राहिले

"ड्राइवर लोगों का पीछे है, भैया. मैडम, आप इधर आइए."

मॅनेजर इतकंच बोलला. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. हसूनच बोलला. ज्याला तो ड्रायव्हर समजला, तो माझा नवरा होता.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी मेनूकार्ड उघडलं आणि त्यात पाहत राहिले.

तो जरा थांबला. मग मागच्या दारानं बाहेर गेला.

मी नागझिरा अभयारण्यात गाइड आहे. गोंदियातल्या या अमेरिकन पद्धतीच्या हॉटेलात मी आधी दोनदा आले होते, पर्यटकांसोबत. रविवारी अकरानंतर तिथं ब्रंच असतो. नाश्ता म्हणावा तर उशिरा, जेवण म्हणावं तर लवकर. जोडपी येतात, काचेच्या खिडकीजवळ बसतात, कॉफी पीत दोन-दोन तास बोलतात. ते पाहून मला वाटायचं, एकदा आपणही असं बसावं. पावसाळ्यात जंगल बंद असतं. धानाची रोवणी आटोपली होती. लग्नाला सात वर्षं झाली होती. मीच हट्ट केला.

मोटारसायकलनं आलो. मी जीन्स आणि कुर्ता घातला होता. त्यानं पांढरा शर्ट इस्त्री केला होता. पायात स्लिपर, हातात गाडीची चावी. दारात मॅनेजरनं मला ओळखलं. मागं चावी घेऊन उभा असलेला काळा माणूस कोण, हे त्यानं स्वतःच ठरवलं.

आम्ही दोघंही गोंड. एकाच आश्रमशाळेत शिकलो, म्हणून एकमेकांना 'तू'च म्हणतो. शाळेत गोंडी बोललं की गुरुजी उन्हात उभं करायचे. तो रोज उभा राहायचा. मी चार महिन्यांत गोंडी बंद केली. गुरुजींसारखी मराठी बोलायला लागले. मग गुरुजी मला पहिल्या रांगेत बसवायला लागले. मला ते आवडायचं.

वेटर आला. "मैडम, अकेली हैं?"

"हां," मी म्हटलं.

हे दुसऱ्यांदा. या वेळी मॅनेजरही समोर नव्हता.

पॅनकेक आला. एकावर एक तीन, वर लोणी, वरून पाकाची धार. मी खाल्ला. हे लिहायला नको वाटतं, पण खाल्ला. काटा डाव्या हातात धरला, सुरी उजव्या. पर्यटकांचं पाहून शिकले होते. चूक होऊ नये याकडेच लक्ष होतं.

शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं. मॅनेजरनं त्यांना माझ्याबद्दल सांगितलं असावं. त्यातली बाई माझ्याकडे वळली. नागझिऱ्यात वाघ खरंच दिसतो का, म्हणाली. मी सुरू झाले. सांबर कसं ओरडलं म्हणजे वाघ जवळ आहे. पंजाच्या ठशाची कड कोरडी असली की तो रात्रीचा, ओलसर असली की आत्ताचा. पाणवठ्यावर कुठल्या बाजूनं बसायचं. माझी मराठी छान चालली होती.

"किती माहिती आहे तुम्हाला. कुणी शिकवलं हे?" बाईनं विचारलं.

मी काटा-सुरी खाली ठेवली.

माझा नवरा वनमजूर आहे. उन्हाळ्यात जाळरेषा काढतो, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून पट्टा मोकळा करतो. वाघाबद्दल मला जे ठाऊक आहे, ते त्यानं पायी चालवून दाखवलेलं आहे. चार वर्षं मी ते पर्यटकांना माझं म्हणून सांगत आले. एकाही पर्यटकाला त्याचं नाव सांगितलं नाही.

मी उठले. मागच्या दारानं बाहेर गेले. भांडी घासायच्या जागेपाशी दोन ड्रायव्हर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर डाळभात खात होते. नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्यानं ताट घेतलं नव्हतं.

"झालं खाऊन?" तो म्हणाला.

"आत चल."

"कायले?"

"तू माझा नवरा आहेस म्हणून."

"मंग तवा काऊन नाई सांगितलं?"

ड्रायव्हर खायचे थांबले. मी म्हटलं, "लाज वाटली."

"माही?"

"हो."

तो भिंतीपासून बाजूला झाला. मग म्हणाला, "चल. तू आत जाऊन का म्हणते, मले आयकाचं हाये."

आत गेलो. मी मॅनेजरला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ये मेरे पति हैं. आपने पूछा नहीं और मैंने बताया नहीं."

"अरे मैडम, बोलना था ना." त्यानं नवऱ्याच्या स्लिपरांकडे पाहिलं. "कोने में टेबल लगा देता हूँ. इधर फैमिली गेस्ट हैं."

"हम भी फैमिली हैं. यहीं बैठेंगे. ये ड्राइवर होते, तो भी यहीं बैठते."

मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. शेजारच्या बाईला म्हटलं, "यांनी शिकवलं." ती हसली आणि फोनमध्ये पाहू लागली.

नवऱ्यासाठी पॅनकेक मागवला. त्यानं हातानं तोडून अर्धा खाल्ला. सगळे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता.

घरी पोचून गाडी लावली, तेव्हा तो म्हणाला, "मॅनेजर मले ओळखत नवता. तू त ओळखत होती."

जंगल उघडल्यावर त्या हॉटेलातून फोन आला. सफारी आणि ब्रंच एकत्र देऊ, गाइड म्हणून तुम्हीच या. मी म्हटलं, ड्रायव्हरांना मागच्या दाराबाहेर बसवता तोवर येणार नाही. त्यांनी दुसरा गाइड घेतला.

आता सफारीच्या जिप्सीत बसले की मी आधी सांगते, मी गोंड आहे, आणि आज तुम्हाला जे दाखवीन ते मला माझ्या नवऱ्यानं शिकवलंय. मग त्याचं नाव घेते. काही पर्यटक अवघडतात. अवघडू देत.

त्यानं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलेलीही नाही, ती मागून मोकळं व्हायचं नाही मला. पण यापुढं कुणी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, हा कोण, तर माझ्याआधी कुणीही उत्तर देणार नाही.