सरनोबत काकांना बसायचं नव्हतं

निमिष वानखडेची शंतनू सरनोबतांशी पहिली भेट झाली तेव्हा त्याला त्यांचा चेहरा दिसलाच नाही. दिसली ती पाठ. आणि पाठ म्हणजे कसली! हॉर्नेट्स क्लबच्या पिवळ्या-काळ्या जर्सीत कोंबलेली ती पाठ डावीकडे कॉर्नरच्या झेंड्यापाशी सुरू व्हायची आणि उजवीकडे हॉट डॉगच्या गाडीपर्यंत संपायचं नाव घ्यायची नाही. मिशिगनच्या नकाशात एवढे तलाव दाखवतात आणि ही पाठ दाखवत नाहीत, हा निव्वळ पक्षपात होता. तिच्या पलीकडे मैदान आहे, दोन गोलपोस्ट आहेत, बावीस खेळाडू आहेत असं निमिष ऐकून होता, पण पुरावा काही मिळत नव्हता. हाफटाइमपर्यंत दोन गोल झाल्याचं त्याला लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. जर्सीची शिवण मात्र तोंडपाठ झाली.

निमिष नागपूरचा. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एका ऑटो कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा आणि व्हिसावर असल्यामुळे जगाशी जपून बोलायचा. पण जर्सीवर सरनोबत हे आडनाव छापलेलं वाचून त्याला धीर आला.

"काका, जरा बसता का जी? काहीच दिसत नाही."

पाठ वळली. पुढच्या बाजूला मिशा होत्या आणि मिशांच्या वर पेटलेले दोन डोळे.

"काका कुणाला म्हणतोस रे? आणि बसायला आलायस व्हय मॅचला? घरी सोफा नाही तुझ्या?"

"आहे ना, पण..."

"मग जा की! त्याच्यावर बस, लोळ, झोप! हितं पोरं ऊर फुटेस्तोवर पळायलीत आणि तू टेकून बघणार? ऊठ!"

निमिष उठला. उठल्याबरोबर त्याला आयुष्यात पहिल्यांदा हॉर्नेट्सचं मैदान दिसलं. हिरवंगार होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी त्याच्यावर "सिट डाउन!" म्हणून खेकसलं आणि सरनोबत काका त्या माणसाकडे ज्या नजरेने वळले, ती पाहून निमिषने ठरवून टाकलं की या माणसाच्या विरुद्ध बाजूला आयुष्यात कधी जायचं नाही.

सरनोबत मूळचे कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल हा खेळ नसून पेठेच्या इज्जतीचा मामला असतो, आणि आपल्या तालमीची टीम मैदानात असताना जो खाली बसला तो दुसऱ्या पेठेचा हेर, असं ते लहानपणापासून मानत आले होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी ते अमेरिकेत आले आणि गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर म्हणून लागले. माणसाची कंबर, मांड्या आणि मणका किती आरामात टेकेल याचा ते दिवसभर विचार करायचे आणि शनिवारी संध्याकाळी त्याचा सूड उगवायचे. 'सॉकर' हा शब्द त्यांनी तोंडातून एकदाही काढला नाही. त्यांच्या बायकोने, नेत्राकाकूंनी, तो एकदा चुकून काढला, तेव्हा घरात दोन दिवस मौन पाळण्यात आलं.

स्टेडियममध्ये मात्र त्यांचं कायमचं भांडण. प्रत्येक सामन्यात पिवळं जाकीट घातलेला एक पोरगा यायचा आणि म्हणायचा, "सर, प्लीज, हॅव अ सीट." काका म्हणायचे, नाही बसणार. मागचे लोक तक्रार करायचे. क्लबच्या दोन वॉर्निंग आलेल्या होत्या. तिसरी आली की सीझन तिकीट जाणार, आणि एकदा गेलं की परत मिळत नाही, हे क्लबने ठळक अक्षरांत कळवलं होतं.

"तुला माहितीये का, निमिष," काका एकदा पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर हात आपटत म्हणाले, "या देशात उतरल्यापासून मला जो भेटतो तो हेच सांगतो. इमिग्रेशनमध्ये गेलो, हॅव अ सीट. बँकेत, हॅव अ सीट. आमच्या ऑफिसात माझ्यानंतर आलेल्याला माझा बॉस केला, म्हणून जाब विचारायला गेलो, तर ती एचआरवाली बाई हसून म्हणते, प्लीज हॅव अ सीट! म्हणजे काय? म्हणजे गप पड. बसलेल्या माणसाला कुणी भीत नाही, भावा. मी सगळीकडे बसलो. व्हिसा होता, घराचा हप्ता होता, पोरीचं कॉलेज होतं. बसलो! पण हितं नाही बसणार. हितं तिकीट माझं, गळा माझा आणि पायही माझेच."

निमिषला हसू आलं होतं, पण ते मध्येच कुठेतरी अडकलं. त्याच आठवड्यात व्हिसाच्या कागदांचं विचारायला गेल्यावर मॅनेजरने त्यालाही केबिनमध्ये नुसतं बसवून ठेवलं होतं.

मग एके दिवशी चमत्कार झाला. हॉर्नेट्सचे सामने हाऊसफुल्ल जायला लागले होते आणि मालकांना स्टेडियम मोठं करायचं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं की युरोपात आता लोकांना पुन्हा उभं राहू देतात: खुर्च्या काढायच्या, प्रत्येक पायरीवर कठडा बसवायचा, म्हणजे त्याच जागेत जास्त माणसं मावतात. क्लबचा 'गेस्ट एक्स्पीरियन्स' बघणारा ट्रेव्हर नावाचा एक गोड माणूस होता. त्याने काकांना बोलावलं; काका निमिषलाही घेऊन गेले. शंतनू म्हणणं जड जातं म्हणून तो त्यांना शॉन म्हणायचा.

"शॉन, आम्ही तुमचं ऐकलंय," ट्रेव्हर म्हणाला. "सप्टेंबरमधल्या एका सामन्याला सेक्शन एकशे बाराच्या खुर्च्या काढून बघू. सेक्शन भरला आणि लोक शेवटपर्यंत उभे राहिले, तर पुढच्या वर्षी उत्तरेकडची अख्खी बाजू उभ्या लोकांची. नाही जमलं, तर नव्या खुर्च्या. आणि मग मात्र, शॉन, तुम्हालाही बसावं लागेल."

"मी भरतो सेक्शन," काका म्हणाले.

बाहेर आल्यावर निमिषने विचारलं, "काका, एवढी माणसं आणणार कुठून? स्टँडमध्ये आपल्यासोबत ढोल वाजवणारी पोरं मोजून चाळीस."

"मराठी मंडळ आहे की! गणपतीच्या महाप्रसादाला दोन-दोन तास रांगेत उभे राहतात, नव्वद मिनिटं उभं राहायला काय धाड भरलीय?"

मंडळाच्या अध्यक्षा लतिकाताई उत्साहाने तयार झाल्या. ग्रुपवर निमंत्रण गेलं आणि काकांनी ते डोळ्यांत पाणी आणून तीनदा वाचलं: हॉर्नेट्सच्या सामन्याची मोफत तिकिटं, सहकुटुंब सहपरिवार या, आपली ताकद दाखवा! खाली, मंडळाच्या प्रत्येक निमंत्रणाखाली असते तशी, एक ओळ होती: 'येताना सतरंज्या, फोल्डिंगच्या खुर्च्या व एक पदार्थ आणावा.' ती कुणी वाचली नाही. म्हणजे काकांनी वाचली नाही. बाकी सगळ्यांनी फक्त तीच वाचली.

सामन्याच्या दिवशी गेटवर फोल्डिंगच्या खुर्च्यांचा ढीग लागला. सिक्युरिटीने त्या आत सोडल्या नाहीत. सतरंज्यांविरुद्ध मात्र नियम नव्हता, कारण हा नियम करणाऱ्याच्या स्वप्नातही सतरंजी आली नव्हती.

सुरुवात अशी झाली की निमिषच्या अंगावर काटा आला. सेक्शन गच्च भरला. पैठण्या, टी-शर्ट, कडेवरची पोरं, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, सगळे कठड्याला धरून उभे. पोरांनी ढोल धरला, काकांनी आरोळी ठोकली आणि तीनशे मराठी गळे एकदम फुटले. समोरच्या स्टँडमधले लोक फोन काढून इकडचे फोटो घ्यायला लागले. काकांनी निमिषचा दंड असा दाबला की तो चार दिवस निळा राहिला.

"बघितलंस? आता कोण म्हणतो हॅव अ सीट!"

विसाव्या मिनिटाच्या सुमारास सांगलीहून आलेले कुणाचे तरी वडील गुडघ्यामुळे खाली टेकले. त्यात कुणी गैर मानलं नाही. मग त्यांना सोबत म्हणून त्यांच्या पत्नी टेकल्या. सिमेंटची पायरी गार लागते म्हणून सूनबाईंनी सतरंजी अंथरली. सतरंजी अंथरलेली पाहिल्यावर मराठी माणूस उभा राहू शकत नाही, हे शास्त्र आहे. एकीकडून दुसरी आली, दुसरीकडून तिसरी. चपला काढून कडेला ओळीने लावल्या गेल्या. कुणीतरी डबा उघडला. पंधरा मिनिटांत सेक्शन एकशे बारामध्ये हळदीकुंकवाची बैठक बसली होती आणि एका कोपऱ्यात 'म' अक्षर आलं होतं.

"उठा!" काका ओरडले. "अहो कुलकर्णी, उठा! पाटणकर! मागची बाजू, उठा!"

"अहो हो, उठतो, तेवढी पुरी संपू दे."

"हाफटाइमनंतर उठू ना, सरनोबत. इथूनही छान दिसतंय की!"

"काय दिसतंय? कठडा दिसतोय तुम्हाला!"

"गॅप्समधून दिसतंय," पाटणकर समजुतीने म्हणाले.

आणि नेमका तेव्हाच गोल झाला. हॉर्नेट्सचा. अख्खं स्टेडियम ताडकन उठलं. पूर्वेकडचे उठले, पश्चिमेकडचे उठले, व्हीआयपी काचेमागचे सूटवाले उठले, एक गृहस्थ प्लॅस्टर घातलेल्या पायासकट उठले. सबंध स्टेडियममध्ये खाली बसलेला एकच सेक्शन होता, उभं राहणाऱ्यांचा. त्यांच्यात तेव्हा श्रीखंड फिरत होतं.

काकांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. ते कठड्यावर पाय देऊन चढले आणि सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

"लाज नाही वाटत? अरे, एक दिवस! एक दिवस उभं राहायला सांगितलं होतं! ऑफिसात बसता, मीटिंगमध्ये बसता, कुणी डोक्यावरनं पाय देऊन गेला तरी बसता, घरी येऊन त्यावर व्हॉट्सअपवर लिहिता, तेही बसून! सगळा जन्म बसण्यात गेला तुमचा! तुम्हाला खुर्ची नाही दिली, तर तुम्ही जमिनीवर बसता!"

अंताक्षरी थांबली. पाटणकरांचा घास हातातच राहिला. काहीजण खरोखर उठायच्या बेतात होते, असं निमिषला वाटलं. तेवढ्यात सतरंजीवरून नेत्राकाकू काळजीने म्हणाल्या,

"अहो, बीपी वाढेल. तुम्ही तरी जरा बसा."

काकांनी बायकोकडे पाहिलं. मग ते कठड्यावरून खाली उतरले. तिच्यावर ते ओरडले असते तर निमिषला बरं वाटलं असतं.

ट्रेव्हर पायऱ्या चढत आला तो टाळ्या वाजवतच. त्याच्या हातातल्या फोनवर सतरंज्यांचे फोटो होते. "शॉन! हे अफाट आहे! किती फॅमिली-फ्रेंडली! अशी एनर्जी मला हवीच होती!"

"डिलीट दोज फोटोज," काका म्हणाले.

"आपण याला पिकनिक झोन म्हणू. मालक वेडे होतील!"

"मी उभं राहायला मागितलं होतं," काका इंग्रजीत म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "पिकनिक नाही. तुम्ही माझं कधीच ऐकलं नाही."

"ऐकतोय ना, शॉन. तुम्ही अपसेट आहात. प्लीज, हॅव अ सीट, आपण बोलू."

त्यानंतर काका जे बोलले ते शुद्ध कोल्हापुरी होतं आणि छापण्याजोगं नाही. ट्रेव्हरला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण पिवळ्या जाकिटातल्या दोघांना सूर कळला. त्यांनी काकांना दोन्ही दंडांना धरून खाली नेलं. निमिष उभाच होता. व्हिसा, मॅनेजर, केबिन असं सगळं त्याच्या डोक्यातून एकदा गेलं आणि मग तोही कुणी न धरता त्यांच्या मागोमाग बाहेर पडला.

पार्किंगमध्ये काका गाडीला टेकून उभे होते. आतून दुसऱ्या गोलचा आवाज आला.

"कुणी मारला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, काका."

तिसरी वॉर्निंग सोमवारी आली. नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडची बाजू वाढवण्यात आली आणि तिथे सगळीकडे खुर्च्या बसवल्या.