मॉरिसचा दांडा

गाडी कोणाची, असं बरकतपुऱ्यात कोणी विचारलं की इंदुताई म्हणत, कागदोपत्री यांची, चालवते मी. ते खरंच होतं. एकनाथरावांनी काळी मॉरिस मायनर लग्नानंतर घेतली, तेव्हा उदगीरकडच्या त्यांच्या गावाने तोंडात बोटं घातली होती. शेतकऱ्याचं पोर हैदराबादेत वीज मंडळात चिकटलं काय आणि मोटारवालं झालं काय!

मुलगी त्रिवेणी लहान असताना इंदुताईंना ताप आला आणि जाताना डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. क्लच दाबणं संपलं. बायको खिडकीत बसून नुसती गाडीकडे बघते, हे एकनाथरावांना बघवेना. अफझलगंजच्या रज्जाकभाईच्या गॅरेजात ठाण मांडून त्यांनी क्लचला लोखंडी दांडा जोडून घेतला, दाराच्या बाजूने वर काढला आणि टोकाला इंदुताईंच्या मोडक्या लाटण्याची मूठ बसवली. उजव्या हाताने दांडा ओढायचा, डाव्याने गिअर टाकायचा. त्या दांड्याच्या जोरावर इंदुताईंनी काचीगुड्याच्या शाळेत नोकरी केली, सासूला दवाखान्यात नेलं, त्रिवेणीला कॉलेजात सोडलं. जमिनीवर त्यांना काठी लागायची. गाडीत बसल्यावर कोणीच लागायचं नाही.

मग देशाचा बाजार खुला झाला. रस्त्यावर परदेशी गाड्या आल्या आणि गंमत म्हणजे जुन्या गाड्यांना अचानक भाव आला. निवृत्त झालेले एकनाथराव सिकंदराबादच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात जाऊ लागले आणि ‘ओरिजिनल’ या शब्दाने त्यांना पार झपाटलं. इंग्लंडहून कुरिअरने दिवे आले, दारांची रबरं आली. कोणी जुन्या गाडीत एसी बसवला की हे असे बोलत, जणू तो चपला घालून देवघरात शिरला. इंदुताई हसण्यावारी नेत. नवऱ्याला छंद लागला की स्वयंपाकघरात लुडबूड कमी होते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

खंडेनवमीला त्यांच्याकडे अवजारांची पूजा असे. विळी, पाना, हातोडी झाली की गाडी, आणि गाडीत पहिलं हळदीकुंकू दांड्याला. त्या वर्षी ताट घेऊन त्यांनी दार उघडलं, तर दांडा जागेवर नव्हता. दांड्यासाठी पाडलेलं भोक बुजवलेलं होतं आणि त्यावर नवी कोरी चटई होती.

एकनाथराव मागेच घुटमळत होते. त्यांनी समजावून पाहिलं. रविवारी स्पर्धा आहे, परीक्षक प्रतापराव असल्या जोडकामाचे गुण कापतात, दांडा रज्जाककडे नीट ठेवलाय, आणि हवी तर तुला मारुती घेऊ. इंदुताईंना राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. ज्या माणसाने हौसेने दांडा करून दिला, त्यालाच आता त्याची लाज वाटत होती.

“मारुतीलाही क्लच पायाखालीच असतो,” त्या म्हणाल्या. “आणि दांडा परत लागेपर्यंत या गाडीची पूजा होणार नाही.”

ताट तसंच देवघरात ठेवून त्या रिक्षाने अफझलगंजला गेल्या. म्हातारा रज्जाकभाई त्यांना बघून उठूनच उभा राहिला.

“साब बोले तो निकाल दिया मैं, अम्मा. दिल नक्को बोल रा था.”

त्यांनी त्याला दोष दिला नाही. दांडा परत बसवायचा आणि तोही घरी येऊन, एवढंच सांगितलं. शनिवारी एकनाथराव क्लबात गेले असताना त्याने तो बसवून दिला. संध्याकाळी तो बघून एकनाथरावांचं तोंड आंबट झालं. आता स्पर्धेत जाण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले. इंदुताई म्हणाल्या, नाव दिलंय, गाडी जाणार. सकाळी ते बसने पुढे निघून गेले.

इंदुताईंनी मागून एकटीने गाडी काढली. सिकंदराबादच्या मैदानात चकचकीत गाड्यांच्या रांगेत त्यांनी मॉरिस नेऊन उभी केली आणि स्टिअरिंगमागेच बसून राहिल्या. प्रतापराव आले, बॉनेटमध्ये वाकून खूश झाले, मग दारातून आत बघून थबकले.

“वहिनी, इतकी सुंदर गाडी, आणि हा कसला उपद्व्याप? कोणी केला हा?”

एकनाथराव क्लबातल्या मंडळींत उभे होते. सगळ्यांना त्यांनी छातीठोक सांगितलं होतं की गाडीचा खिळादेखील बदललेला नाही.

“यांना विचारा,” इंदुताई म्हणाल्या आणि दांड्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

एकनाथरावांनी लाटण्याच्या त्या मुठीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती हाताने घासून गुळगुळीत झाली होती. ते मंडळींतून पुढे आले.

“मी केला,” ते म्हणाले. “हिचा पाय गेला तेव्हा. तुम्ही गुण कापा.”

प्रतापरावांनी गुण कापले आणि बक्षीस दुसऱ्याच कोणाला तरी गेलं. परतताना एकनाथराव डावीकडच्या सीटवर बसले.

घरी पोचल्यावर त्या उतरू लागल्या, तर एकनाथराव म्हणाले, बसून राहा. आत जाऊन ते देवघरातलं ताट घेऊन आले. झेंडू पार सुकले होते. त्यांनी आधी मुठीला हळद लावली, मग कुंकू. सवय नसल्याने ते जरा जास्तच लागलं आणि इंदुताईंच्या पातळावर सांडलं. इंदुताईंनी ते झटकलं नाही.