पट्टी न बुडवता

मुखेड तालुक्यातल्या एका गावात मी उपकेंद्राची नर्स होते. गरोदर बायांची लघवी तपासायला आमच्याकडे कागदी पट्ट्यांची डबी असते. पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं, डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. पिवळी राहिली तर ठीक. हिरवी झाली तर लघवीतून प्रथिनं जातायत, पुढं झटक्यांचा धोका; बाईला डॉक्टरकडे पाठवायचं. एवढंच काम.

त्या दुपारी एक पहिलटकरीण सासूसोबत आली. आठवा महिना. "सिस्टर, पाय लई सुजून राहिलेत," ती म्हणाली. बीपी जरा वर होतं. "उन्हात चालत आलीस ना," मी म्हणाले. तिनं लघवीची बाटली आणून खिडकीत ठेवली. मला तालुक्याला मीटिंगला जायचं होतं, एसटी पाराजवळ येऊन थांबली होती. कार्डावर मी ‘लघवीत दोष नाही’ लिहिलं, त्या दोघी गेल्यावर बाटली मोरीत ओतली. डबीचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

आठ दिवसांनी तिला झटके आले. जीपमध्ये घालून नांदेडला नेलं, सिझर झालं. बाळ वाचलं, तीही वाचली, पण दोन दिवस तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

ती घरी आल्यावर मी भेटायला गेले. सासूनं चहा टाकला. "डॉक्टर कार्ड बघून म्हणले, लघवी तर साफ होती, मग एकदम असं कसं? सिस्टर, तुमी तर बरोबर तपासलं होतं. हिनंच चोरून लोणचं खाल्लं. अंगात मीठ गेलं."

पोरगी बाळाला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती.

मी कप खाली ठेवला. "मामी," मी म्हणाले, "त्या दिवशी मी लघवी तपासलीच न्हाई. तसंच लिहिलं."

पोरीनं मान वर केली. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"म्हंजे लोणच्यानं झालं न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई गं, बाई."

ती रडायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवायचीही माझी हिंमत झाली नाही.

आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. नोटीस मिळाली, पुढं बदलीही झाली. तोवर बाळाच्या लशी ते लोक मुखेडला जाऊनच टोचून घ्यायचे. आणि मी त्यांची गल्ली टाळून लांबून जायची.