नांग कोन्सिंगची पुसलेली मशीनं

नांग कोन्सिंगच्या कॉम्प्युटरच्या दुकानाबाहेर मी कित्येक वर्षं डुकराचं बार्बेक्यू भाजते. आमच्या या दुमागेते शहरात अशी दुकानं चिक्कार आहेत, पण अशी बाई एकच. तोंडाने फटकळ, मनाने मऊ. नोकरीचा, परवान्याचा, जहाजावरच्या भरतीचा, कसलाही फॉर्म असो, सगळी गल्ली या नांगकडे, म्हणजे थोरल्या ताईकडे, येते. ती शिव्या घालते आणि भरून देते.

दुकानात तिचा एक कायदा आहे. गिऱ्हाईक उठलं की मशीन बंद करायचं, आणि बंद झालं की त्यावर केलेलं सगळं पुसलं जातं, तशी सोयच तिने करून घेतली आहे. पूर्वी एका नव्या नवरीचे खाजगी निरोप मशीनवर उघडे राहिले. पुढच्या गिऱ्हाइकाने ते हसत हसत मोठ्याने वाचून दाखवले आणि ती पोरगी गाव सोडून गेली. तेव्हापासून नांग सगळ्यांना ऐकवते, "माझ्या दुकानात कुणाचं खरकटं राहत नाही."

त्या दिवशी फॉर्म तिचा स्वतःचा होता. लेक मारिबिक मिलानला, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिच्याकडे जायचं तर व्हिसाच्या मुलाखतीची वेळ त्या दिवशी पाचच्या आत मागायची होती. ती हुकली तर पुढची संधी दोन महिन्यांनी, म्हणजे बाळंतपण उरकल्यावर. फॉर्म चांगला सात पानांचा, आणि फोनवर तो उघडतच नव्हता. नांग तिसऱ्या मशीनवर बसली. प्रत्येक पानाखाली लिहिलं होतं, "तुम्ही भरलेली माहिती तुमच्या ब्राउजरमध्ये जपून ठेवली आहे."

सहाव्या पानावर वीज गेली.

मी चिमटा घेऊनच आत धावले. नांग मात्र पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाली, "अगं, तुझं काय चाललंय? जपून ठेवलंय म्हणतायत ना ते? वीज आली की सहाव्यापासून पुढे."

वीज आली. समोर पहिलं पान, आणि नावाची जागासुद्धा कोरी.

"मेले खोटारडे!" नांग कडाडली. "जपून ठेवलंय म्हणे! कुठे, चुलीत?"

तिने मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा पोरगा फार अदबीने बोलत होता. "मॅडम, शेवटचं पान पाठवेपर्यंत माहिती आमच्याकडे येतच नाही. ती तुमच्याच मशीनवर असते. मशीनवरचं काही पुसलं गेलं का?"

नांगने बंद होऊन पुन्हा सुरू झालेल्या त्या मशीनकडे पाहिलं आणि फोन ठेवला.

मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हजारोंचे फॉर्म भरलेली ती बोटं, पण स्वतःच्या पासपोर्टचा नंबर चुकत होती. चौथ्या पानावर पाच वाजले. मुदत संपली, असं पडद्यावर आलं. माझा असा संताप झाला की हातातला चिमटा त्या पडद्यावर हाणावा. पण हाणून काय, मशीन तिचंच आणि कायदाही तिचाच.

मशीनं दुरुस्त करणारा बोयेत दारातच उभा होता. "नांग, हे पुसणं काढून टाकू? निदान या एका मशीनवरचं. आता करतो."

नांगने कोपऱ्यात पाहिलं. तिथे एक मुलगी नाक पुसत कुणाला तरी काहीतरी लिहीत बसली होती.

"आणि ती उठून गेल्यावर तिचं कोण वाचणार? तू?"

"तसं नाही, पण तुझंच नुकसान झालं ना, म्हणून..."

"झालं तर झालं. हात लावू नकोस. जा घरी."

बोयेत गेला. नांगने तिसरं मशीन स्वतः बंद केलं, डोळे पुसले आणि मारिबिकला फोन लावला.

"नाही जमलं गं," ती म्हणाली. "बाळाला आधी माझा फोटो दाखव."

लेकीचा रडवेला आवाज मलाही ऐकू आला. "का गं आई? काय झालं?"

"काही नाही," नांग म्हणाली. "वीज गेली."